कोठीचा आकडा

मैत्रिणींनो, या पानावर आपण नेहमी लोणच्याला बुरशी का येते, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा काढावा, असल्या गोष्टी बोलतो. आज मी ट्रॅक्टरच्या हुकाबद्दल बोलणार आहे म्हटल्यावर तुमच्यापैकी निम्म्याजणी पान उलटतील, हे मला ठाऊक आहे. पण जरा थांबा. दिराकडे, भावाकडे, भाच्याकडे, कुणाकडे तरी ट्रॅक्टर नाहीतर पिकअप असतेच. आणि खरं सांगू? या लोखंडी गोष्टीची सुरुवात माझ्या स्वयंपाकघरातच झाली होती.

आम्ही रिसोडला राहतो. ह्यांची नोकरी, भाऊजींची शेती, नि घर एकच. मी बी.ए. झाले आहे, एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि भूगोल शिकवते. म्हणजे तास झाला तर पैसे, सुट्टी आली तर राम राम! आमचा वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला. इथलं मोठं पीक सोयाबीन. मृगाचा पाऊस पडला की पेरणी, आणि दसऱ्याच्या मागेपुढे सोंगणी. त्या तीन आठवड्यांत आमच्या घरात चहाचं पातेलं गॅसवरून खाली उतरत नाही. शेत गावापासून सात किलोमीटर. सोंगणीच्या बाया सकाळी आमच्या दारातून ट्रॉलीत बसायच्या आणि संध्याकाळी दारातच उतरायच्या. सगळीकडे असंच चालतं, तसंच आमच्याकडेही चालायचं.

आता त्या हुकाचं थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. ट्रॅक्टरच्या मागे, खालच्या बाजूला लोखंडाचा एक जाड जबडा असतो. तोच हूक. ट्रॉलीच्या पुढच्या दांड्याला एक कडी असते. ती कडी जबड्यात सरकवायची आणि वरून खलबत्त्यातल्या बत्त्यासारखी एक जाड पिन आरपार सोडायची. सासूबाई तिला खिट्टी म्हणतात. ट्रॉलीचं सगळं ओझं ओढलं जातं ते या खिट्टीवर. पण गंमत अशी, की खिट्टी कितीही भक्कम असली तरी खड्ड्यातून जाताना ती हिसक्याहिसक्यानं वर सरकते. म्हणून तिच्या खालच्या टोकाला एक बारीक भोक असतं आणि त्या भोकात तारेचा एक आकडा अडकवतात. अगदी आपल्या केसांच्या आकड्यासारखा, फक्त जाड आणि स्प्रिंगचा. भाऊजी त्याला 'लॉक' म्हणतात. बाजारात तो अगदी थोड्या पैशांत मिळतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. श्राद्धपक्षात मी कोठीघर आवरत होते. गव्हाच्या पत्र्याच्या कोठीचा कोयंडा ढिला झाला होता आणि उंदरांनी उच्छाद मांडला होता. खिडकीत मला असा एक आकडा सापडला. तेलकट होता. मी तो राखेनं घासला, पुसला आणि कोयंड्यात अडकवला. काय फिट्ट बसला म्हणता! टचकन लागतो, टचकन निघतो. आपल्या हुशारीचं मला कौतुकच वाटलं. कुणाचा आहे, कशाचा आहे, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. खिडकीत पडलेली वस्तू म्हणजे घरातली वस्तू, आणि घरातली वस्तू म्हणजे माझी. आपल्या सगळ्यांचाच हा हिशेब असतो, नाही का?

महिन्याभरानं सोंगणी सुरू झाली. भाऊजींनी पहाटे आकडा शोधला, सापडला नाही. उशीर होत होता, बाया दारात उभ्या होत्या. त्यांनी खिट्टीच्या भोकात बांधकामाची तार घातली आणि पकडीनं पिळून टाकली. चार दिवस ती तार टिकली. पाचव्या दिवशी पांदणीनं जाताना नाल्यातून वर चढताना ती तुटली. खिट्टी उसळली आणि ट्रॉली सुटली. दांडा धाडकन जमिनीवर आपटला, ट्रॉली मागे घरंगळली आणि धुऱ्यावरच्या बाभळीला जाऊन अडली. ट्रॉलीत अकरा बाया होत्या. प्रत्येकीजवळ विळा. बाभळीचे उपकार म्हणायचे, नाहीतर मागे नाला होता.

दहाजणींना खरचटण्यावर निभावलं. टोळीतली म्होरकी, जिला सगळ्याजणी आक्का म्हणतात, तिचा उजवा हात मनगटापाशी मोडला. सहा आठवडे प्लास्टर. आम्ही दवाखान्याचा खर्च केला, पंधरा दिवसांची मजुरी दिली, मी डबाही पाठवला. चार लोक म्हणाले, 'तुम्ही खूप केलंत.' आणि मी? त्या संध्याकाळी मी कोठीघरात गेले, तो आकडा कोयंड्यातून काढला आणि मसाल्याच्या डब्यांमागे ठेवून दिला. भाऊजी म्हणत होते, 'लॉक कुठं गेलं कोण जाणे.' मी ऐकलं आणि पोळ्या लाटत राहिले.

तीन वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आज तुम्हाला सांगते आहे.

यंदा पोळ्यानंतर भाऊजींच्या लक्षात आलं, की हुकाचं भोक झिजून लंबगोल झालं आहे. खिट्टी आत खडखड वाजायची. नवा हूक आणला आणि ठरलं, की रविवारी अंगणातच बसवायचा. 'चार नटबोल्टचं तर काम आहे,' भाऊजी म्हणाले.

आदल्या रात्री माझ्या मावसबहिणीचा व्हिडिओ कॉल आला. ती अमेरिकेत, टेक्सासला असते. मी हुकाचं सांगितलं तर ती हसायला लागली. म्हणे, 'अगं, आमच्याकडे तर हा घरोघरचा उद्योग आहे!' तिकडे होडी न्यायला, सामान न्यायला पिकअपमागे ट्रेलर जोडतात. तिच्या यजमानांनी घरापुढच्या जागेत पिकअपखाली आडवं पडून स्वतः हूक बसवला. चासीला आधीपासून भोकं असतात, त्यांना बोल्टनं एक चौकोनी नळी घट्ट करायची, त्या नळीत लोखंडी गोळा असलेली दांडी सरकवायची आणि ट्रेलरची वाटी त्या गोळ्यावर बसवायची. शिवाय दोन साखळ्या लावायच्या, त्याही दांड्याखालून एकमेकींना ओलांडून, म्हणजे ट्रेलर सुटलाच तर दांडा जमिनीत न घुसता साखळ्यांच्या झोळीत पडतो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा, असा त्यांचा हिशेब. त्याहून कमी आला तर ट्रेलर शेपटीसारखा डुलतो, फार आला तर गाडीचा मागचा भाग दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात.

सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, 'आणि त्या दांडीला आडवी पिन असते बरं का, तिला केसांच्या आकड्यासारखी क्लिप. एवढीशी! पण ती विसरली की सगळं गेलं. तुमच्याकडे असते ना तशी?'

मी म्हटलं, 'असते.' आणि मग रात्रभर मला झोप आली नाही.

रविवारी सकाळी अंगणात काम सुरू झालं. ट्रॅक्टर सपाट जागी उभा, किल्ली काढलेली, ब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड. ट्रॉलीच्या चाकांनाही दगड लावले आणि दांड्याखाली घोडा लावला. आधार दिल्याशिवाय खिट्टी काढायची नाही, हा पहिला नियम. दांडा पायावर पडला तर पाऊल राहत नाही. जुने बोल्ट गंजले होते, त्यांवर रात्रीच डिझेल सोडून ठेवलं होतं. तरी दोघा भावांचा घाम निघाला. नटबोल्ट हरवू नयेत म्हणून मी माझी जुनी परात दिली.

नवे बोल्ट भाऊजींनी गल्लीतल्या दुकानातून आणले होते. मी परातीत हात फिरवला तर जुन्या बोल्टांच्या डोक्यावर ८.८ असे इंग्रजी आकडे कोरलेले, नव्यांवर काहीच नाही. मी विचारलं, 'भाऊजी, हे आकडे कशाचे?' ते म्हणाले, 'असतील कंपनीचे.' ह्यांनी फोनवर पाहिलं. तो आकडा बोल्टच्या ताकदीचा असतो. साध्या बोल्टांचं पोलाद ८.८ च्या मानानं निम्म्या ताकदीचं असतं, आणि तो दिसायला अगदी तसाच दिसतो. चांदी आणि जर्मन सिल्व्हरमधला फरक आपल्याला कळतो, मग हाही कळायला हरकत नाही. भाऊजी कुरकुरत पुन्हा दुकानात गेले.

ते येईपर्यंत मी एक प्रयोग केला. माझे वडील कारखान्यात होते, त्यांच्याकडून लहानपणी ऐकलेला. लोखंडाला गेलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो भाग तारेच्या ब्रशनं घासायचा, त्यावर रॉकेल लावायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग फडक्यानं अगदी कोरडं पुसायचं. वरून खडूची पूड भुरभुरायची. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. खडूला माझ्याकडे काय तोटा! जुन्या स्टोव्हचं थोडं रॉकेल माळ्यावर होतं. नवा हूक तर नवाच होता, म्हणून मी ट्रॉलीच्या दांड्याच्या कडीवर प्रयोग केला.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. आणि मैत्रिणींनो, कडी दांड्याला जिथं वेल्डिंग केलेली होती, तिथं केसासारखी एक रेघ हळूहळू उमटली. चांगली दोन बोटं लांब!

भाऊजी बोल्ट घेऊन आले. रेघ पाहून म्हणाले, 'इतकं काही नाही वहिनी. वरून एक टाका मारून घेऊ. उद्यापासून बाया ठरल्यात.' तेच ते वाक्य! उशीर होतोय, बाया उभ्या आहेत. माझे हातपाय गार पडले. मी आत गेले, डब्यांमागचा आकडा घेतला आणि बाहेर येऊन परातीत टाकला. टण्णकन वाजला.

'हे तुमचं लॉक,' मी म्हटलं. 'त्या वर्षी मीच नेलं होतं. कोठीला लावलं होतं.'

अंगणात कुणीच काही बोलेना. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण हे खाली बघत म्हणाले, 'ती तार मी पाहिली होती. मनात आलं होतं, आकडा विकत आणावा. बाजाराच्या दिवशी आणू म्हटलं.' भाऊजी म्हणाले, 'बांधली तर मीच होती.' म्हणजे बघा, एका आकड्याची जागा रिकामी होती, ती आम्हा तिघांना आपापल्या परीनं दिसत होती, आणि तिघांनीही दिवस ढकलला होता.

सासूबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, 'कैकयीनं रथाच्या आसात हात घातला, तं तिले राजानं दोन वर देल्ले. त्या आक्कीनं आपल्यासाठी हात मोडून घेतला, तिले काय भेटलं? पलस्तर!'

संध्याकाळी मी आणि सासूबाई आक्काकडे गेलो. मी सगळं सांगितलं. तिचं मनगट आता बरं आहे, पण गार वाऱ्याला दुखतं, आणि विळ्याची मूठ पहिल्यासारखी आवळत नाही. त्या वर्षीचा तिचा सगळा हंगाम बुडाला होता. आमच्या पंधरा दिवसांच्या मजुरीनं तो भरून निघाला नव्हता, हे मी तिच्यासमोर पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. उरलेल्या दिवसांचे पैसे मी माझ्या तासिकांच्या मानधनातून नेले होते. तिनं ते मोजले नाहीत, पण परतही केले नाहीत. ते मला बरं वाटलं.

मग ती म्हणाली, 'ताई, लॉकाचं राहू द्या. लॉक असलं तरी ट्रॉली काय मानसाची हाय का? तुमी नवा हूक लावला, चांगलं केलं. पन आमी यंदा ट्रॉलीत नाई बसत. आटो लावा.'

मी तीन वर्षं त्या आकड्याचा विचार करत होते. या बाईनं एका वाक्यात खरी गोष्ट सांगितली! ट्रॉली कट्टे वाहण्यासाठी असते. तिला बसायला जागा नाही, धरायला दांडा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीनंही ती माल वाहण्याचीच आहे. माणसं बसवली आणि काही झालं, तर विमा मिळेलच याचा भरवसा नाही. आपण आपल्या मुलांना शाळेत जाताना अशा ट्रॉलीत बसवलं असतं का?

भाऊजींनी ऑटोच्या भाड्याचा हिशेब मांडला आणि कपाळाला हात लावला. सासूबाईंनी 'लावा' म्हटलं आणि विषय मिटला. सोंगणी दोन दिवस उशिरा सुरू झाली, कारण दांड्याची कडी वेल्डिंगवाल्याकडे गेली. त्यानंही सांगितलं, की चिरलेल्या वेल्डिंगवर वरून टाका मारून उपयोग नसतो. जुनं सगळं घासून काढावं लागतं आणि नव्यानं भरावं लागतं. त्या दोन दिवसांत आभाळ भरून आलं होतं, सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. पण पाऊस आला नाही. आला असता तर मला बोलणी खावी लागली असती, हेही खरं.

आता तुमच्या घरच्यांना सांगायच्या चार गोष्टी. हूक बसवताना नट एका बाजूनं पूर्ण आवळू नयेत. समोरासमोरचे आलटून पालटून आवळावेत. नटाच्या बाहेर बोल्टचे दोन-तीन आटे दिसायला हवेत. पहिल्या दिवसाचं काम झालं की सगळे पुन्हा एकदा आवळून पाहावेत, कारण नवं काम थोडं बसतं. हूक अशा उंचीवर लावावा, की भरलेल्या ट्रॉलीचा दांडा साधारण सपाट राहील. ओझं नेहमी खालच्या हुकालाच जोडावं. वरच्या दांडीला साखळी बांधून ओढलं तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटतो. कट्टे सगळे मागे किंवा सगळे पुढे रचू नयेत. खिट्टीशिवाय एक साखळी असावीच. ट्रॉलीच्या मागे लाल चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. आमच्या ट्रॉलीला मी स्वतः लावल्या, पत्रा आधी साबणाच्या पाण्यानं धुऊन, कोरडा करून, म्हणजे त्या सुटत नाहीत. आणि आकडे एकदम अर्धा डझन आणून ठेवावेत.

आमच्याकडे ते आता दाराशेजारच्या खिळ्याला दोरीत ओवून टांगलेले असतात. जुना आकडा मात्र मी त्यांत ठेवला नाही. त्याची स्प्रिंग अजून चांगली आहे, पण तो परत ट्रॅक्टरला लावायला मन धजावत नाही, आणि कोठीला तर नाहीच नाही. कोठीला मी लोहाराकडून नवा कोयंडा करून घेतला.

तुम्हीही आज हातातलं काम झालं की आपल्या कोठीघरात, खिडकीत, शिवणाच्या डब्यात एक नजर टाका. लोखंडाचं काही सापडलं आणि ते कशाचं हे माहीत नसेल, तर कामाचं आहे म्हणून लगेच वापरू नका. आधी घरात विचारा, 'हे कुठलं?' विचारायला वेळ लागत नाही. मी विचारलं नव्हतं.

परवा आमच्या दारात सकाळी ऑटो आला. आक्का पुढे बसली होती, तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला विळा. मी चहा नेऊन दिला. ती म्हणाली, 'ताई, साखर कमी हाय.' मी आत जाऊन साखर घेऊन आले.